हुकूम देणारे दोन, जबाबदार कोण?



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी 'व्यवस्थापनाची जुनी तत्त्वे आणि आपली कामाची ठिकाणे' या विषयावर बोलण्याविषयी मला पत्र पाठविले, तेव्हा ते चुकून माझ्या पत्त्यावर आले असावे असेच मला प्रथम वाटले. गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करीत आहे. व्यवस्थापक नावाच्या गृहस्थाशी माझी गाठ पडते ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूने, आणि तीही बहुधा आवाज चढलेल्या वेळी. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, तेही दुसऱ्या खेपेस पदरात पडलेले. पुढचे जे काही शिकलो ते पाळीवरून सुटल्यावर, नगर वाचनालयाच्या बाकावर आणि शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा मी चिटणीसांना भेटून माझी शंका बोलून दाखविली. ते हसून म्हणाले, "स्वयंपाकाविषयी आजवर आचाऱ्यांचे पुष्कळ ऐकले. यंदा जेवणाऱ्याचे ऐकू." या युक्तिवादापुढे माझा इलाज चालला नाही. म्हणून आज जेवणारा या नात्याने मी आपल्यापुढे उभा आहे.

या विषयाशी माझी गाठ पडली ती माझ्या मुलीमुळे. ती बारावीला वाणिज्य शाखेत होती. परीक्षेच्या आदल्या रात्री तिने पुस्तक माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "बाबा, मी चौदा तत्त्वे म्हणते, तुम्ही ताडून बघा." हेन्री फेयोल या फ्रेंच गृहस्थाने सांगितलेली ती चौदा तत्त्वे. श्रमविभागणी, अधिकार आणि जबाबदारी, शिस्त, अशी तिची गाडी भरधाव चालली होती. चौथ्या तत्त्वाशी ती आली : 'आदेशाची एकवाक्यता, म्हणजे प्रत्येक कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आज्ञा मिळाली पाहिजे.' ती पाचव्यावर जाणार तोच मी तिला थांबविले. तिला वाटले, काही चुकले. चुकले काहीच नव्हते. मला एका मुलाचा उजवा हात आठवला होता. त्याची हकीगत पुढे सांगेन. त्या रात्री मात्र मी ठरविले की, हा फेयोल कोण आणि तो काय म्हणतो, हे मुळातून वाचायचे. इंग्रजी भाषांतर मिळविले, आणि चार महिने त्याच्याशी झटापट केली.

फेयोल हा काही खुर्चीत बसून ग्रंथ लिहिणारा पंडित नव्हता. १८४१ साली तो जन्मला. सेंट एतियेन येथील खाण-विद्यालयातून इंजिनिअर होऊन १८६० साली मध्य फ्रान्समधील कोमांत्री येथील कोळशाच्या खाणीवर रुजू झाला. त्याचा सारा जन्म त्याच एका कंपनीत गेला. १८८८ साली कंपनी डबघाईला आलेली असताना तिची सूत्रे त्याच्या हाती आली. १९१८ साली तो निवृत्त झाला तेव्हा ती चांगली सावरलेली होती. १९१६ साली, म्हणजे वयाच्या पंचाहत्तरीत, त्याने आपल्या अनुभवाचे सार एका खाण-विषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेच पुढे ग्रंथरूपाने जगभर गेले. १९२५ साली तो वारला.

या माणसाच्या तरुणपणची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. १८६१ साल. फेयोल नुकताच कामाला लागलेला, विशीचा पोर. त्या काळी खाणीच्या पोटात कोळशाच्या गाड्या ओढण्यासाठी घोडे असत. एके सकाळी अशा एका घोड्याचा पाय मोडला. फेयोलने दुसरा घोडा देण्याविषयी चिठ्ठी लिहिली. तबेलेवाल्याने चिठ्ठी पाहिली आणि घोडा देण्यास साफ नकार दिला. का? तर चिठ्ठीवर संचालकाची सही नव्हती. संचालक तर परगावी गेलेला, आणि आपल्या माघारी सही कोणी करावी हे त्याने ठरवून दिलेले नव्हते. तबेल्यात घोडा उभा, खाणीत काम उभे! फेयोलने विनवण्या केल्या. तबेलेवाला नियमावर ठाम. फेयोलने त्या दिवशी टिपून ठेवले की, अधिकाराची जागा क्षणभरही मोकळी राहता कामा नये.

आता ध्यानात घ्या, त्याने तबेलेवाल्याला दोष दिला नाही. तो बिचारा नियम पाळीत होता. दोष व्यवस्थेचा, आणि व्यवस्था लावणे हे वरच्याचे काम. फेयोलच्या चौदा तत्त्वांचे बीज मला या घोड्याच्या गोष्टीत दिसते. आपल्याकडे ही तत्त्वे कामगारांना ऐकविली जातात ती कशी? 'शिस्त पाळा. वरिष्ठांचा मान ठेवा. स्वतःच्या हितापेक्षा संस्थेचे हित मोठे माना.' जणू काही चौदाच्या चौदा तत्त्वे खालच्यांसाठीच लिहिली आहेत. मूळ ग्रंथ वाचल्यावर मला उलटेच आढळले. त्यातली बहुतेक तत्त्वे ही वरच्यांवर घातलेली बंधने आहेत. शिस्तीचेच घ्या. फेयोलच्या मते शिस्त म्हणजे मालक आणि कामगार यांच्यात झालेल्या करारांचे पालन. मग ते करार लेखी असोत की रूढीने चालत आलेले असोत. करार स्पष्ट आणि न्याय्य असले पाहिजेत, ही त्यातली पहिली अट. आणि जेथे शिस्त बिघडलेली दिसते तेथे कामगारांच्या नावाने बोटे मोडण्याआधी अधिकाऱ्यांची लायकी तपासावी, असे तो स्वच्छ सांगतो. हे वाक्य आमच्यापैकी कोणी द्वारसभेत बोलला असता, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात आरोपपत्र पडले असते!

फेयोल हा कामगारांचा कैवारी होता, असे मात्र मला सुचवावयाचे नाही. तो पुरता मालकपक्षाचा माणूस होता. परंतु खाणीवर अन्याय साचला की काय होते, हे त्याच्या पिढीने पाहिले होते. १८८६ च्या जानेवारीत दकाझव्हिल येथील संतप्त खाणकामगारांनी वात्रें नावाच्या एका व्यवस्थापकाला खिडकीतून खाली फेकले आणि तो मेला. पुढे सहा वर्षांनी तीच खाण फेयोलच्या कंपनीने घेतली. खुनाचे समर्थन मी करणार नाही. एवढेच म्हणतो की, न्याय आणि सहृदयता यांचा मिलाफ असावा असे अकरावे तत्त्व लिहिणारा माणूस हवेत बोलत नव्हता.

याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे फ्रेडरिक टेलर नावाचा अमेरिकन इंजिनिअर वेगळ्या वाटेने निघाला होता. फेयोलने कारखान्याकडे वरून पाहिले. टेलरने मशीनजवळ उभे राहून, हातात स्टॉपवॉच घेऊन पाहिले. बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात कच्च्या लोखंडाच्या लाद्या गाडीत चढविणारा मजूर दिवसाला साडेबारा टन माल उचलीत असे. हालचाली आणि विश्रांती यांचे गणित बसवून टेलरने निवडक मजुरांकडून तेच काम साडेसत्तेचाळीस टनांपर्यंत नेले. रोजची मजुरी एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंचाऐंशी सेंट झाली. हे आकडे टेलरने स्वतःच दिलेले आहेत. आता आम्हा कामगारांची बेरीज-वजाबाकी अशी : काम जवळजवळ पावणेचारपट, मजुरी मात्र साठ टक्क्यांनी अधिक. १९११ साली त्याचा ग्रंथ निघाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्र कारखान्यातले ओतकामगार स्टॉपवॉच पाहताच काम सोडून बाहेर पडले. चौकशी झाली, आणि १९१५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने लष्करी कारखान्यांच्या खर्चाच्या मंजुरीतच स्टॉपवॉचला मनाई घातली.

हेच वारे मुंबईला आले ते 'रॅशनलायझेशन' या भारदस्त नावाने. विणकराने दोन मागांऐवजी, म्हणजे गिरणीच्या भाषेत दोन साच्यांऐवजी, तीन साचे चालवावेत, ही मागणी त्यातलीच. १९२८ सालचा गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला, त्यामागे मजुरीतील काटछाटीबरोबर हेही एक मोठे कारण होते. तीन साचे चालविणे माणसाला अशक्य होते, असे नाही. प्रश्न असा होता की, सूत तुटके आले, माग जुना निघाला, तर तिसऱ्या साच्याचे नुकसान कोणाच्या पगारातून जाणार? आणि जे विणकर घरी बसतील त्यांचे काय? अधिक कामाचा हुकूम स्पष्ट होता. त्याच्या परिणामांची जबाबदारी अस्पष्ट होती.

येथेच फेयोलचे दुसरे तत्त्व येते, आणि माझ्या मते ते सगळ्या तत्त्वांचा राजा आहे. अधिकार आणि जबाबदारी ही बैलजोडी आहे. एकट्या बैलाला जुंपून गाडी चालत नाही. हुकूम देण्याची हौस सर्वांना असते. पण त्या हुकमाचे जे होईल ते माझ्या माथी, असे म्हणण्याची वेळ आली की माणसे मागे सरतात. फेयोलने ही मानवी दुर्बलता नेमकी हेरली आहे. आणि याच्याच पाठोपाठ ते चौथे तत्त्व : हुकूम एकाचाच असावा. या बाबतीत त्याने टेलरशीही वाद घातला. टेलरची योजना अशी होती की, एका कामगारावर आठ निरनिराळे फोरमन असावेत. कोणी वेगाचा, कोणी दुरुस्तीचा, कोणी तपासणीचा. फेयोल म्हणाला, सल्लागार हवे तितके ठेवा, पण आज्ञा देणारा एकच ठेवा.

आता त्या मुलाची हकीगत सांगतो. १९९६ साल. मी एका पत्राकामाच्या कारखान्यात कायम कामगार होतो आणि नुकताच युनियनच्या कमिटीवर निवडून आलो होतो. आमच्या खात्यात पॉवर प्रेस होते. प्रेसच्या दोन बाजूंना दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे एकाच वेळी दाबली तरच वरचा भाग खाली यावा, म्हणजे हात आत राहण्याचा संभवच नको, अशी ती योजना. ठेकेदाराने आणलेला एकोणीस वर्षांचा एक मुलगा त्या पाळीला प्रेसवर होता. कंपनीच्या मेंटेनन्सवाल्याने त्याला सकाळी बजावले, "एक बटण अडकते आहे. मशीन बंद ठेव. मी दुपारी येतो." तासाभराने ठेकेदाराचा सुपरवायझर आला. "आज आठशे नग गेले पाहिजेत. बटणात पाचर मार आणि एका हाताने चालव." मुलाने सकाळचा निरोप सांगितला. सुपरवायझर म्हणाला, "तुझी हजेरी कोण मांडतो? तो की मी?" हजेरी मांडणारा कोण हे मुलाला ठाऊक होते. त्याने लाकडाची पाचर मारली. अकराच्या सुमारास त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

त्यानंतर जे घडले ते अधिक ऐकण्यासारखे आहे. कंपनी म्हणाली, "मशीन आमचे, पण माणूस ठेकेदाराचा." ठेकेदार म्हणाला, "माणूस माझा, पण मशीन कंपनीचे." सकाळी त्या मुलाला हुकूम देणारे दोघे होते. दुपारी त्याच्यासाठी उत्तर देणारा एकही नव्हता. दोन धनी असण्याचा अर्थ पुस्तकात 'गोंधळ होतो' एवढाच लिहिलेला असतो. खरा अर्थ असा की, दोन धनी म्हणजे शेवटी एकही धनी नाही.

कोणी म्हणेल, मग एकच धनी असला की झाले! तसेही नाही. मुंबईच्या गिरण्यांत एकाच धन्याचा अनुभव कामगारांनी पिढ्यान् पिढ्या घेतला आहे. त्याचे नाव जॉबर. कामावर घेणारा तोच, काम वाटून देणारा तोच, रजा देणारा तोच आणि काढून टाकणाराही तोच. आदेशाची एकवाक्यता अशी की विचारता सोय नाही! पण नोकरी लावण्यासाठी दस्तुरी, टिकविण्यासाठी पुन्हा दस्तुरी. सकाळी गिरणीच्या दारात बदली कामगार उभे राहत आणि त्यांचे नशीब जॉबरच्या मर्जीवर असे. १९३१ साली रॉयल कमिशनने जॉबरचे अधिकार कमी करून लेबर ऑफिसर नेमावेत अशी शिफारस केली. १९३५ पासून मुंबईत बदली कामगारांची पद्धतशीर नोंद ठेवण्याची योजना सुरू झाली. तात्पर्य, चौथे तत्त्व एकटे उचलले तर जॉबरशाही येते. त्याच्या एका हाताला जबाबदारी आणि दुसऱ्या हाताला न्याय हवा. चौदा तत्त्वांतले आपल्याला सोयीचे तेवढे एक उचलायचे आणि तेरा ठेवून द्यायची, ही चाल काही मालकांची आहे. आणि काही पुढाऱ्यांचीही आहे.

श्रोत्यांमध्ये शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, नगरपालिकेतले आहेत, रुग्णालयात काम करणाऱ्या भगिनी आहेत. त्यांना वाटेल, प्रेसच्या गोष्टीशी आमचा काय संबंध? संबंध असा की, बहुतेक ठिकाणी आज ही दुहेरी दोरी आहे. रुग्णालयातील सफाई करणाऱ्या बाईला वॉर्डातील परिचारिका काम सांगते आणि पगार ठेकेदार देतो. पगार थकला तर परिचारिका हळहळते, ठेकेदार फोन उचलत नाही. आणि जेथे साखळी सरळ आहे तेथे ती इतकी लांब असते की, एका खात्याचा कागद शेजारच्या खात्यात जाण्यासाठी आधी वरच्या मजल्यावर चढतो आणि मग उतरतो. फेयोलला हे दुखणे माहीत होते. त्याने त्यावर 'फळी' सुचविली. दोन समान पायरीच्या माणसांनी, वरिष्ठांच्या संमतीने आणि त्यांना कळवून, मध्ये फळी टाकावी आणि सरळ एकमेकांशी बोलून काम उरकावे. साखळीचे तत्त्व सांगणाऱ्यानेच हा तोडगा दिला आहे. कागद अडविणारे मात्र साखळीचेच नाव घेतात आणि फळीचा उल्लेख टाळतात.

बारावे तत्त्व नोकरीच्या स्थैर्याचे आहे. माणसाला नवे काम अंगवळणी पडण्यास वेळ लागतो; तो वेळ मिळण्याआधीच त्याला हलविले तर काम कधीच नीट होणार नाही, असे फेयोल म्हणतो. हे त्याने दयेपोटी सांगितलेले नाही. हिशेबापोटी सांगितले आहे. आमच्याकडे वर्षानुवर्षे काय चालले? सलग दोनशे चाळीस दिवस भरले की कामगाराला कायद्याचे काही संरक्षण मिळते, म्हणून सातव्या महिन्यात 'ब्रेक' द्यायचा आणि पुन्हा नव्याने घ्यायचे. हात बसला की माणूस बाहेर! ज्या मुलाची बोटे गेली तो त्या प्रेसवर अवघ्या पाचव्या आठवड्यात होता. जुना प्रेसवाला असता तर पाचर मारण्याआधी त्याने सुपरवायझरला चार शब्द सुनावले असते. स्थैर्य नसलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि 'नाही' म्हणणारा माणूस हा कारखान्यातला सर्वांत स्वस्त सुरक्षा-उपाय आहे.

शिस्त म्हणजे करार, असे मी मघाशी सांगितले. हा करार दिसावा कोठे? १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने सांगितले होते की, कामाच्या वेळा, रजा, गैरवर्तन म्हणजे काय आणि त्याची चौकशी कशी, हे सारे नियम ठरवून, बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत दरवाजाजवळ लावावेत. मूळ कायदा शंभर किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणांना लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा तीनशेवर नेली आहे. म्हणजे अडीचशे माणसांच्या कारखान्यात शिस्तीचा करार भिंतीवर लावण्याची ही सक्ती उरली नाही. मी येथे राजकारण करीत नाही. फेयोलचाच प्रश्न विचारतो : करार वाचायला मिळाला नाही, तर तो मोडल्याचा ठपका कोणावर ठेवणार?

आणि आता तर हुकूम देणारा माणूसही दिसेनासा होऊ लागला आहे. आपल्या दारात जेवणाचे डबे आणि सामान घेऊन येणारी मुले पाहा. कोठे जायचे, किती वेळात जायचे, दर काय, हे सारे हातातला फोन सांगतो. पावसात गाडी घसरली तर त्या फोनला उत्तर देता येत नाही. खाणीतला तबेलेवाला निदान समोर उभा तरी होता. त्याला विनवता येत होते.

एवढे झाले तरी या तत्त्वांना मर्यादा आहेत, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. फेयोलने शिडी गृहीत धरली. वर बसलेला विचार करील आणि खालचा हात चालवील, ही वाटणी त्याने फारशी तपासली नाही. टेलरने तर तिचे शास्त्रच केले. ती वाटणी अटळ नाही, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये, लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांच्या सल्ल्याने, स्वयंचलित मागांच्या खात्यात एक प्रयोग झाला. आधी तेथे प्रत्येकाचे काम तुकड्या-तुकड्यांनी वाटलेले होते. नवे माग येऊनही काम म्हणावे तसे होत नव्हते. मग कामगारांच्या छोट्या टोळ्या केल्या आणि ठराविक मागांची सारी जबाबदारी एकेका टोळीवर सोपविली. टोळीत कोणी काय करायचे, हे टोळीनेच ठरवायचे. उत्पादन वाढले आणि खराब कापड कमी झाले. जबाबदारी आणि अधिकार ही बैलजोडी खालच्या पायरीवरही जुंपता येते, हा त्याचा अर्थ. फेयोलने तेराव्या तत्त्वात पुढाकाराचे कौतुक केले आहेच. अहमदाबादच्या विणकरांनी ते त्याच्यापेक्षा पुढे नेले.

आता शेवटचे, आणि मला सर्वांत जड जाणारे. त्या मुलाची हकीगत मी अर्धीच सांगितली. कंपनीने हात झटकले, ठेकेदाराने हात झटकले. तिसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील युनियनच्या कचेरीत आले. गावाकडचे शेतकरी, डोक्यावर टोपी, हातात औषधांची चिठ्ठी. कचेरीत त्या वेळी टेबलामागे मी बसलो होतो. ते म्हणाले, "भाऊ, पोरगं तुमच्याच कंपनीत होतं ना?" मी सभासदांची वही उघडली, नाव शोधले, आणि म्हणालो, "काका, तो आमचा सभासद नाही. ठेकेदाराची माणसे आमच्या युनियनमध्ये येत नाहीत." ते काही बोलले नाहीत. चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली आणि गेले.

मी नियमाप्रमाणेच वागलो होतो. खाणीतला तबेलेवालाही नियमाप्रमाणेच वागला होता. तबेल्यात घोडा होता आणि आमच्या कचेरीत वकील होता, निधी होता, साहेबांना भेटण्याची सोय होती. पण वहीत नाव नव्हते. वीस-बावीस वर्षांनी मुलीच्या पुस्तकात ते चौथे तत्त्व ताडून बघताना माझ्या ध्यानात आले की, त्या दिवशी जबाबदारी नाकारणारे दोन नव्हते, तीन होते; आणि तिसरा मी होतो. सामुदायिक हित, सामुदायिक हित असे आम्ही कामगारांना रोज सांगतो. त्या समुदायाची रेघ कोठे ओढायची, हे मात्र आम्ही सभासद-वर्गणीच्या पावतीवरून ठरविले होते. ती रेघ आमच्या संघटनेने पुढे पुसली. ठेकेदाराच्या माणसांना सभासद करून घेतले. परंतु ती रेघ पुसायला आम्हाला सात वर्षे लागली, हेही नमूद केले पाहिजे.

म्हणून आपणां सर्वांना माझी विनंती एवढीच आहे की, उद्या कामावर गेल्यावर तीन प्रश्न विचारा. आपण हाताखालचे असा की वरचे असा, प्रश्न तेच आहेत. मला, किंवा माझ्या हाताखालच्याला, हुकूम देणारे किती आहेत? त्या हुकमाचे बरेवाईट झाले तर उत्तर देणारा कोण आहे? आणि आपसांतला करार वाचता येईल अशा जागी लावलेला आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे जेथे एका दमात देता येतात, ते कामाचे ठिकाण चांगले, मग तेथे फेयोलचे नाव कोणी ऐकलेले नसले तरी चालेल. जेथे उत्तर देताना माणसे एकमेकांकडे पाहू लागतात, तेथे कोठेतरी पाचर मारलेली आहे, हे समजून असा.

माझी मुलगी त्या परीक्षेत उत्तम गुणांनी पास झाली. चौदा तत्त्वांचा प्रश्न नेमका आला होता, असे तिने घरी येऊन सांगितले. तिला त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळाले असतील. मी मात्र त्या प्रश्नाचे उत्तर अजून लिहितोच आहे.